लेकॉकची घरं कोणी टिकवली?

आज आपण जुन्या घरांबद्दल बोलणार आहोत, आणि त्यासाठी जरा लांब जाणार आहोत. इंग्लंडच्या दक्षिण भागात विल्टशायर नावाचा परगणा आहे. तिथे एव्हन नदीच्या काठी लेकॉक नावाचं लहानसं गाव आहे. गावात मुख्य रस्ते चारच. सावकाश चाललं तरी तासाभरात गाव पाहून होतं. पण या चार रस्त्यांवर तीनशे, चारशे, पाचशे वर्षांपूर्वीची घरं आजही उभी आहेत, आणि ती नुसती बघायला ठेवलेली नाहीत. त्यांत माणसं राहतात, स्वयंपाक होतो, लेकरं शाळेत जातात. सिनेमावाल्यांना जुन्या काळचं गाव दाखवायचं असलं की ते इथे येतात. हॅरी पॉटरच्या सिनेमांचे काही भागही इथल्या जुन्या मठात चित्रित झाले आहेत.

गाव किती देखणं आहे हे सांगायला मात्र आम्ही आज बसलेलो नाही. आपल्या सगळ्यांना माहीत आहे, घर मातीचं असो की दगडाचं, दोन पिढ्या कोणी लक्ष दिलं नाही तर ते बसतं. आधी कौल सरकतं, मग वासा कुजतो, मग भिंत येते खाली. मग लेकॉकची घरं इतकी शतकं कशी टिकली? याचा माग काढत गेलं की वळणावळणावर एखादी बाई भेटते. आज त्यांचीच गोष्ट.

सुरुवात करू एलापासून. एला सुमारे ११८७ साली जन्मली. वडील वारले तेव्हा ती अजाण मुलगी होती. भाऊ नसल्यामुळे सॅलिस्बरीची मोठी जहागीर तिच्याकडे आली. पण जहागीर तिची असली तरी तिचं लग्न कोणाशी करायचं हे राजाने ठरवलं. राजा रिचर्डने आपला सावत्र भाऊ विल्यम याच्याशी तिचं लग्न लावून दिलं. म्हणजे बायकोच्या वाट्याची जहागीर नवऱ्याच्या हाती गेली. तरी दोघांचा संसार चांगला झाला असावा. १२२० साली सॅलिस्बरीच्या मोठ्या चर्चचा पाया घातला गेला, तेव्हा दोघांनीही आपापला दगड ठेवला होता.

पुढे १२२५ साली विल्यम परदेशच्या मोहिमेवरून परत येत असताना त्यांचं जहाज वादळात सापडलं. ते बुडाले अशीच बातमी पसरली. लगेच राज्याच्या कारभारातल्या बड्या माणसाचा पुतण्या एलाला मागणी घालायला हजर झाला. एकटी बाई आणि एवढी जमीन, मग काय! एलाने त्याला परत पाठवलं. माझा नवरा जिवंत आहे असा निरोप मला मिळाला आहे, आणि तो नसता तरी तुमच्याशी मी लग्न केलं नसतं, अशा अर्थाचं तिचं उत्तर त्या काळच्या बखरकाराने नोंदवून ठेवलं आहे. विल्यम खरोखरच परत आले. पण १२२६ साली ते वारले, आणि एला विधवा झाली.

इथे एका कागदाबद्दल सांगायला हवं. इंग्लंडच्या इतिहासात मॅग्ना कार्टा, म्हणजे मोठी सनद, फार प्रसिद्ध आहे. राजालाही कायदा पाळावा लागेल असं त्या सनदेने लिहून घेतलं. पहिली सनद १२१५ ची, आणि १२२५ साली ती पुन्हा जारी झाली. तिच्यात विधवांबद्दल एक कलम आहे. विधवेला तिचा वाटा विनाअडथळा मिळावा, आणि तिला नवऱ्याशिवाय राहायचं असेल तर दुसऱ्या लग्नाची सक्ती करू नये, असं ते कलम सांगतं. या सनदेच्या प्रती परगण्या-परगण्यांत पाठवल्या होत्या. विल्टशायरची १२२५ ची प्रत पुढे शेकडो वर्षं राहिली ती एलाने बांधलेल्या लेकॉकच्या मठात.

एलाने दुसरं लग्न केलं नाही. ती विल्टशायरची शेरीफ झाली. शेरीफ म्हणजे राजाच्या वतीने परगण्याचा सारा वसूल करणारा आणि कायदा सांभाळणारा मोठा अधिकारी. त्या काळात हे काम केलेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणि आपल्या जमिनीवर तिने बायकांसाठी मठ काढायचं ठरवलं. १२३२ साली तिने लेकॉकच्या मठाचा पाया घातला, आणि मठाच्या नोंदी सांगतात की त्याच दिवशी तिने हिंटन इथे पुरुषांच्या मठाचाही पाया घातला. पुढे ती स्वतः लेकॉकच्या मठात राहायला आली, तिथली पहिली प्रमुख झाली. १२५७ साली वयोमानामुळे तिने पद सोडलं आणि १२६१ साली त्याच मठात देह ठेवला.

आता मठ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फक्त प्रार्थना येते. पण लेकॉकचा मठ गावचा मालकही होता. शेतं, मेंढ्या, घरं, भाडी, सगळ्याचा हिशेब या संन्यासिनी ठेवत. मठाच्या इमारतीत आजही एक जुनी खोली दाखवतात, तिला ऊब घ्यायची खोली म्हणतात. संन्यासिनींना थंडीत शेकोटीजवळ बसायची मुभा होती ती या खोलीत. इंग्लंडची थंडी हाडं गोठवणारी, आणि बाकी दगडी दालनांत जाळ नाही. त्याच खोलीत आज एक अवाढव्य काशाचा हंडा ठेवलेला आहे. १५०० साली समुद्रापलीकडे, आजच्या बेल्जियममधल्या मेखेलेन गावात तो ओतला गेला. पाचशे वर्षांहून जुना हंडा! राजांच्या तलवारी संग्रहालयात पुष्कळ असतात, पण बायकांच्या घरातलं भांडं एवढं जपलेलं क्वचितच दिसतं.

मठाचं राज्य गावावर होतं याची खूण म्हणजे गावातलं मोठं धान्याचं कोठार. हे चौदाव्या शतकातलं. शेतकऱ्याने पिकाचा, लोकरीचा दहावा हिस्सा धर्माच्या नावाने द्यायचा, आणि तो इथे साठवायचा. आपल्याकडच्या बलुत्याशी याची गल्लत करू नका. बलुतं कामाच्या बदल्यात दिलं जायचं. हा दहावा हिस्सा मात्र पीक साधो न साधो, जे हाती येईल त्यातून द्यावाच लागे. म्हणजे मठ बायकांचा असला तरी गावातल्या गरीब बाईला तो सोपा होता असं नाही. इतिहास सांगताना ही बाजू झाकायची नाही.

आता मठातून बाहेर पडून गावातल्या घरांकडे बघू. लेकॉकमध्ये चर्चच्या रस्त्यावर एक घर आहे. त्याच्या बाजूच्या भिंतीत दोन भलेमोठे बाकदार लाकडी खांब दिसतात. खाली जमिनीजवळ ते लांब असतात आणि वर आढ्यापाशी येऊन एकमेकांना भिडतात. दोन्ही हात जोडून बोटांची टोकं टेकवली की जसा आकार होतो, तसा. वाकडं वाढलेलं ओकचं झाड निवडायचं, ते उभं चिरून दोन फाळके करायचे, म्हणजे दोन्ही खांबांचा बाक सारखा येतो. छपराचा सगळा भार हे खांब घेतात. भिंतीवर भार नसतो.

मग भिंत कशाची? ऐकून तुम्हाला हसू येईल. ती कुडाची. लाकडी चौकटीत काठ्या उभ्या करायच्या, त्यांत लवचिक फांद्या विणायच्या, आणि दोन्ही बाजूंनी चिखल लिंपायचा. त्या चिखलात माती, शेण आणि बारीक केलेला पेंढा, कधी जनावरांचे केसही. वरून चुन्याचा हात. ज्या घरांचे फोटो जगभरातल्या कॅलेंडरांवर छापले जातात, त्यांतल्या कितीतरी घरांची भिंत मुळात शेणामातीची आहे. ज्यांनी ज्यांनी घर सारवलं आहे त्यांना यातलं मर्म सांगायला नको. अशी भिंत एकदा करून भागत नाही. तडा गेला की बुजवावा लागतो, पाऊस लागला की पुन्हा लिंपावं लागतं. ती टिकली याचा अर्थ तिच्यावर दर पिढीने हात फिरवला. त्या हातांची नावं मात्र कुठल्याही दप्तरात नाहीत.

घराच्या आत काय होतं? जुन्या घरांत मधल्या मोठ्या खोलीत जमिनीवरच जाळ असे. धूर वर चढून छपरातून वाट काढी. धुराड्याची सोय साध्या घरांत आली ती साधारण सोळाव्या शतकापासून. धूर भिंतीतून बाहेर जाऊ लागला, आणि मग वरची मोकळी जागा वापरात आली, तिथे माळा घालून खोल्या झाल्या. म्हणजे आज आपण जी दुमजली जुनी घरं बघतो त्यांतली कितीतरी आधी एकमजली आणि धुराने काळी झालेली होती. बिनधुराच्या चुलीसाठी, गॅससाठी आपण किती खटपट केली हे आठवा. चूल बदलली की घराचा आकार बदलतो, आणि बाईच्या छातीवरचा भारही कमी होतो.

गावातल्या एका जुन्या खाणावळीत अजून एक गंमत आहे. चुलीजवळ भिंतीला एक लाकडी चाक लावलेलं आहे. त्यात लहान कुत्रं पळवायचे. चाक फिरलं की जाळावर मांस भाजायची सळई फिरायची. त्या मुक्या जिवाचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

आता येतं पहिलं मोठं संकट. सोळाव्या शतकात राजा आठवा हेन्री याने इंग्लंडमधले सगळे मठ बंद करायला घेतले. त्यामागे धर्माचा वाद होता, आणि मठांच्या जमिनींवर डोळाही होता. १५३६ च्या कायद्याने वर्षाला २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेले मठ आधी बंद करायचे ठरलं. लेकॉकचा मठ त्यात येत होता. तेव्हा मठाच्या प्रमुख होत्या जोन टेम्स. मठाने सरकारला मोठी रक्कम भरली आणि सूट मिळवली. पण पैशाने मिळाली ती दोन-तीन वर्षांचीच मुदत. जानेवारी १५३९ मध्ये जोन टेम्स यांना मठ राजाच्या स्वाधीन करावा लागला. संन्यासिनींना निवृत्तिवेतन देऊन बाहेर काढलं. तीनशे वर्षं बायकांनी चालवलेली संस्था संपली.

पुढच्याच वर्षी विल्यम शॅरिंग्टन नावाच्या माणसाने मठ सुमारे ७८३ पौंडांना विकत घेतला. त्याने मठाचं चर्च पाडून टाकलं. एलाची कबरही त्याच चर्चमध्ये होती. पण बाकीचा मठ त्याने पाडला नाही. चौकाभोवतीच्या ओवऱ्या, सभेची खोली, ऊब घ्यायची खोली, हे सगळं खाली तसंच ठेवून त्यावर स्वतःचं घर चढवलं. इंग्लंडमधल्या कितीतरी मठांचे दगड लोकांनी नेले आणि तिथे आज नुसते अवशेष उरले आहेत. लेकॉकचा मठ वाचला, कारण तो कोणाचं तरी घर झाला. वापरात राहिलेली वास्तू टिकते, हा धडा इथे अगदी स्पष्ट दिसतो.

शॅरिंग्टनला मूल नव्हतं. मालमत्ता भावाकडे गेली आणि पुढे भावाची मुलगी ऑलिव्ह हिच्यामार्फत टॅलबट घराण्याकडे आली. या ऑलिव्हची एक दंतकथा सांगतात. तिचं जॉन टॅलबट याच्यावर मन बसलं, वडिलांचा विरोध. एका रात्री तिने वरच्या सज्जातून खाली उडी घेतली. घेरदार घागऱ्यात वारा भरला म्हणून ती वाचली, पण तिला झेलणारा जॉन मात्र बेशुद्ध पडला! शेवटी वडिलांनी लग्न लावून दिलं. गोष्टीतली उडी खरी असो वा नसो, लग्न खरं आहे, आणि त्या लग्नामुळे पुढची साडेतीनशेहून अधिक वर्षं मठ आणि गाव एकाच घराण्याच्या हाती राहिलं.

गावचा धंदा होता लोकरीच्या कापडाचा. माग बहुतेक पुरुष चालवत. पण एका मागाला सूत पुरवायला अनेक जणींना चाक फिरवावं लागे. इंग्रजीत बिनलग्नाच्या बाईला ‘स्पिन्स्टर’ म्हणत, त्याचा मूळ अर्थ सूत कातणारी. एवढं ते काम बायकांचं होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीला सूत कातायची यंत्रं आली, गिरण्या आल्या, आणि घरबसल्या मिळणारी ती मजुरी गेली. लेकॉकचा कापडाचा धंदाही बसला. हातात पैसा नाही म्हणून लोकांनी जुनी घरं पाडून नवी बांधली नाहीत. म्हणूनच आज तिथे अठराव्या शतकानंतरची घरं फारशी दिसत नाहीत. पाहुणे ज्याला सौंदर्य म्हणतात, त्यामागे एक मोठी टंचाई आहे. मजुरी गेलेल्या त्या बायकांची पोटं कशी भरली असतील, हे कॅलेंडरवरच्या फोटोत दिसत नाही.

फोटोवरून आठवलं. आपल्या आधार कार्डावर, लग्नाच्या अल्बममध्ये, भिंतीवर टांगलेल्या आजीच्या तसबिरीत जी कला आहे, तिच्या एका मोठ्या शोधाचं घर म्हणजे हाच लेकॉकचा मठ. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट इथे राहत. ऑगस्ट १८३५ मध्ये त्यांनी मठातल्या एका खिडकीचं चित्र कागदावर उमटवलं. जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढं. आज हयात असलेली जगातली सर्वांत जुनी निगेटिव्ह ती हीच. त्यांच्या लहान लाकडी कॅमेऱ्यांना त्यांची बायको कॉन्स्टन्स ‘उंदराचे सापळे’ म्हणायची. पण ती नुसती थट्टा करून थांबली नाही. १८३९ च्या सुमारास तिने स्वतःही हे काम करून पाहिलं. जगातल्या अगदी पहिल्या फोटो काढणाऱ्या बायकांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. आणि टॅलबट यांच्या गाजलेल्या फोटोंपैकी एक कशाचा आहे? उघड्या दाराला टेकवून ठेवलेल्या केरसुणीचा. राजवाड्याचा नाही, केरसुणीचा.

आता शेवटची बाई, माटिल्डा टॅलबट. फोटोवाल्या टॅलबट यांच्या मुलीची ही मुलगी. १९१६ साली अविवाहित मामा वारले आणि मठासकट जवळजवळ सगळं गाव तिच्या नावावर आलं. तिने आईच्या माहेरचं टॅलबट हे आडनाव लावलं. तो काळ इंग्लंडमधल्या मोठ्या घरांना जड गेला. वारसा कर वाढले, युद्धांमुळे माणसं आणि पैसा आटला, आणि शेकडो मोठी घरं विकली गेली किंवा पाडली गेली. लेकॉकही तुकड्यातुकड्याने विकता आलं असतं. एकेक घर एकेका गिऱ्हाइकाला. माटिल्डाने तसं केलं नाही. १९४४ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, तिने मठ आणि गाव नॅशनल ट्रस्ट या संस्थेला बक्षीसपत्राने देऊन टाकलं. मठात जपलेली ती १२२५ ची सनदही तिने देशाच्या हवाली केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

या नॅशनल ट्रस्टच्या स्थापनेतही एक बाई आहे. १८९५ साली तिघांनी ही संस्था काढली, त्यांतली एक ऑक्टाव्हिया हिल. लंडनच्या गरीब वस्त्यांमधली घरं नीट ठेवणं आणि भाडेकरूंना माणसासारखं वागवणं, हे तिचं आयुष्यभराचं काम. १९०७ च्या कायद्याने या संस्थेला एक वेगळा अधिकार मिळाला. जी वास्तू ती ‘कायमची’ म्हणून जाहीर करेल, ती तिला स्वतःलाही विकता येत नाही. लेकॉक टिकलं त्यात या एका कलमाचा वाटा मोठा आहे.

पण एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मठाच्या काळात लेकॉकचे लोक भाडेकरू होते, टॅलबटांच्या काळातही भाडेकरू, आणि आजही बहुतेक भाडेकरूच आहेत. घराला मनासारखी खिडकी बसवायची तरी परवानगी लागते. दारासमोर पाहुण्यांची गर्दी, कधी सिनेमाचं चित्रीकरण. घर टिकलं, पण ते राहणाऱ्याच्या नावावर झालं नाही. हे बरोबर की चूक? यावर तुमच्या गटात वाद घाला. आम्हीही घातला, आणि एकमत झालं नाही. काही जणींचं म्हणणं, नावावर असतं तर कधीच विकून मोकळे झाले असते. काही जणी म्हणाल्या, ज्या बाईने भिंत लिंपली तिला त्या भिंतीवर हक्क नको का?

एवढं मात्र आम्हाला पटलं. घर टिकायला तीन गोष्टी लागतात. पहिली, डागडुजी करणारे हात. दुसरी, वापर, म्हणजे त्यात कोणीतरी राहिलं पाहिजे किंवा त्याचं काहीतरी काम झालं पाहिजे. तिसरी, कागद. एलाचा कागद होता, सनदेचा कागद होता, माटिल्डाचं बक्षीसपत्र होतं. म्हणून त्यांची नावं आपल्याला आज, इतक्या लांब बसून, घेता येतात. सूत कातणाऱ्या आणि भिंत लिंपणाऱ्या बायकांचा कागद कोणी केला नाही, म्हणून त्यांचं नाव घेता येत नाही.

तेव्हा एक काम सुचवतो. आपल्या गावात एखादा जुना वाडा, देऊळ, बारव, धर्मशाळा किंवा नुसतं एखादं जुनं घर असेलच. गटातल्या दोघी-तिघींनी वही घ्या आणि गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजींकडे जा. त्यांना पाच प्रश्न विचारा. ही वास्तू कोणी बांधली असं तुम्ही ऐकलं? बांधायला कोण राबलं, त्यांत बायका कोण होत्या? आधी तिथे काय चालायचं, आता काय चालतं? पडझड झाली तेव्हा दुरुस्ती कोणी केली? आणि आज ती कोणाच्या नावावर आहे? उत्तरं आजींच्याच शब्दांत लिहा, आजींचं पूर्ण नाव लिहा, तारीख घाला. आणि हे करताना आपण राहतो त्या घराचा ग्रामपंचायतीतला नमुना आठचा उताराही एकदा काढून बघा, त्यावर आपलं नाव आहे की नाही. नसेल, तर पुढच्या बैठकीत तोच विषय पहिला घ्या.